यंत्रामागचा माणूस

मुलांनो, सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध नावाचे एक गाव आहे. गावालगत डोंगर आहे. डोंगराच्या माथ्यावर यमाई देवीचे देऊळ आहे. याच डोंगरावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. तेथील चित्रे आणि शिल्पे पाहायला दूरदूरचे लोक येतात. आज हे गाव लहान दिसते, पण एके काळी ते एका संस्थानाची राजधानी होते. त्या संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्याचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आणि त्यापलीकडेही विखुरलेले होते. १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे झाले. ते स्वतः चित्रकार होते आणि नव्या गोष्टींचे त्यांना मोठे कौतुक होते.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कारखान्यासाठी जागा हवी होती. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची आपल्या संस्थानातील जागा दिली. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. या कारखान्यात लोखंडी नांगर तयार होत. नांगर उत्तम होता, परंतु सुरुवातीला तो खपेना. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी भीती पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात होती.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र तयार झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. ते वापरणाऱ्याच्या मनात शंका असतात, भीती असते. त्याच्याशेजारी उभे राहून "घाबरू नका, असे धरा, असे चालवा," असे सांगणारा कोणीतरी लागतो. प्रत्येक यंत्रामागे असा एक माणूस असावा लागतो.

नांगराच्या त्या गोष्टीला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. आजचे यंत्र आहे संगणक. शाळेचा दाखला, बँकेचे खाते, परीक्षेचा अर्ज, निकाल, सगळे संगणकावर आले आहे. मग या यंत्रामागचा माणूस कोण? चला, आज आपण त्याची ओळख करून घेऊ.

औंधमधील मुलामुलींची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. हे विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. म्हणजे जुन्या औंध संस्थानातील औंध, कुंडल, आटपाडी ही गावे आजही एका धाग्याने बांधलेली आहेत, आणि तो धागा शिक्षणाचा आहे. औंधपासून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. प्रत्येक अडचणीसाठी इतक्या दूर जाणे विद्यार्थ्याला परवडत नाही. अशा वेळी दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, याला फार महत्त्व येते.

आता कल्पनेने आपण कोणत्याही एका विद्यापीठाच्या कोणत्याही एका विभागात जाऊ. व्हरांड्याच्या टोकाला एक लहानशी खोली आहे. टेबलावर एक-दोन उघडलेले संगणक आहेत. बाजूला तारांची वेटोळी, पेचकस, जुने कीबोर्ड आणि एक जाडजूड वही आहे. दूरध्वनी सारखा वाजतो आहे. या खोलीला सगळे जण 'हेल्पडेस्क' म्हणतात. हेल्पडेस्क म्हणजे मदतीचे टेबल. येथे बसणारा तंत्रज्ञ विभागातील सर्व संगणकांची आणि ते वापरणाऱ्या सर्वांची काळजी घेतो.

तक्रार आली की तो पहिल्यांदा तिची नोंद करतो. तक्रार कोणाची, कोणत्या खोलीतून आली, किती वाजता आली, नेमके काय बिघडले, हे सारे तो लिहून घेतो. या नोंदीला 'तिकीट' म्हणतात. हे एसटीचे तिकीट नव्हे बरे का! ते दवाखान्यातील केसपेपरसारखे असते. डॉक्टर बदलले, तरी केसपेपर पाहून नव्या डॉक्टरांना आजार कळतो. तसेच तंत्रज्ञ रजेवर गेला, तरी तिकीट पाहून दुसरा तंत्रज्ञ काम पुढे नेऊ शकतो. तिकीट लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. तोच बिघाड पाच वेळा झाला, की वही आपोआप सांगते, "अरे, याचे मूळ दुसरीकडेच आहे!"

समजा, एका दुपारी तीन तिकिटे एकदम आली. विभागप्रमुखांच्या खोलीतील प्रिंटर कागद ओढत नाही. प्रयोगशाळेतील वीस संगणकांचे इंटरनेट बंद पडले आहे आणि तासाला मुले बसली आहेत. आणि औंधहून एका मुलीचा फोन आला आहे. तिचा परीक्षेचा अर्ज जात नाही आणि आज सायंकाळी पाच वाजता मुदत संपते. तुम्ही तंत्रज्ञ असता, तर आधी काय केले असते? विभागप्रमुख मोठे आहेत, म्हणून आधी त्यांचा प्रिंटर? चांगला तंत्रज्ञ असा विचार करत नाही. तो दोनच प्रश्न विचारतो. किती जणांचे काम अडले आहे? आणि उशीर झाला तर नुकसान किती होईल? प्रिंटर तासाभराने दुरुस्त झाला तरी चालते. मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून तो प्रयोगशाळेकडे सहकाऱ्याला पाठवतो आणि स्वतः फोन हातात घेतो.

"सर, अर्ज जातच नाही. मी सकाळपासून दहा वेळा भरला." मुलीचा आवाज रडवेला झालेला असतो.

"घाबरू नका ताई. अजून वेळ आहे. पडद्यावर काय लिहिले आहे ते मला वाचून दाखवा."

"लाल अक्षरांत इंग्रजीत काहीतरी लिहिले आहे. मला त्याचा अर्थ लागत नाही."

"अर्थ राहू द्या. एकेक अक्षर वाचा. मी थांबतो."

मुलगी एकेक अक्षर वाचते. तंत्रज्ञाच्या लक्षात येते, की फोटो फार मोठा आहे, एवढेच ते वाक्य सांगत होते. मोठा म्हणजे लांबीरुंदीने नव्हे. संगणकात प्रत्येक चित्र काही जागा व्यापते. ही जागा केबी या मापाने मोजतात. मोबाइलवर काढलेला फोटो सहज दोन-तीन हजार केबींचा असतो. समजा, अर्जाला पन्नास केबींचाच फोटो चालतो. मग दहा वेळा काय, शंभर वेळा अर्ज भरला तरी तो जाणार नाही. तंत्रज्ञ तिला फोटो लहान करण्याची रीत एकेक पायरी करून सांगतो. साडेचारच्या आत अर्ज जातो. "पावती जपून ठेवा आणि तिचा क्रमांक वहीतही लिहून ठेवा," असे सांगून तो फोन ठेवतो.

मुलांनो, येथे बिघडले काय होते? संगणक चांगला होता. इंटरनेट चालू होते. मुलगीही हुशार होती. अडले होते ते एका परक्या वाक्यापाशी. तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू बोलता आणि मराठी दुसरी भाषा म्हणून शिकता. एखादा अनोळखी शब्द आला, की सगळे वाक्य कसे अडून राहते, हे तुमच्याइतके कोणाला कळणार? अशा वेळी कोणी हसले, तर आपण पुन्हा विचारत नाही. कोणी शांतपणे समजावले, तर तो शब्द जन्मभर लक्षात राहतो. त्या तंत्रज्ञाने मुलीचे वर्ष वाचवले, ते तिच्या प्रश्नाला न हसल्यामुळे. त्याने आणखीही एक काम केले. तिकिटाखाली त्याने लिहिले, "ही सूचना मराठीतही द्यावी." अशी सूचना मान्य झाली, तर पुढच्या वर्षी कितीतरी मुलांना फोन करावा लागणार नाही.

आता प्रयोगशाळेत काय झाले ते पाहू. इंटरनेट बंद पडले की कारण कुठेही असू शकते. तंत्रज्ञ अंदाजाने इकडेतिकडे हात घालत नाही. तो प्रश्न विचारतो. एकच संगणक बंद आहे की सगळे? कधीपासून? त्याआधी काही बदलले का? एकच संगणक बंद असेल, तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या तारेत असतो. सगळे बंद असतील, तर दोष त्यांना जोडणाऱ्या पेटीत असतो. या पेटीला 'स्विच' म्हणतात. जाळ्यावरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता मिळतो. बहुतेक संगणकांवर तो पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू झालेला दिसला, की तंत्रज्ञ ओळखतो, या संगणकाला जाळ्याकडून पत्ताच मिळालेला नाही. पत्ताच नाही, तर पत्र येणार कसे? मग तो तार तपासतो, स्विच तपासतो. अनेकदा मोठ्या तक्रारीचे कारण फार लहान निघते. झाडताना केरसुणीचा धक्का लागून तार निसटलेली असते!

"संगणक बंद करून पुन्हा चालू करा," असे तंत्रज्ञ वारंवार सांगतात. लोक त्यावरून त्यांची थट्टाही करतात. परंतु या सल्ल्यामागे कारण आहे. काम करताना संगणक अनेक गोष्टी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत मांडून ठेवतो. दिवसभरात त्यांचा गुंता होतो. वर्गातील फळ्यावर गणितावर गणित लिहीत गेलो, तर शेवटी काहीच वाचता येत नाही. संगणक पुन्हा सुरू करणे म्हणजे तो फळा स्वच्छ पुसणे होय. मात्र पुसण्याआधी हवे ते उतरवून घ्यावे लागते. म्हणून तंत्रज्ञ आधी विचारतो, "तुमचे काम साठवून ठेवले आहे ना?"

भाषांच्या विभागात वेगळ्याच अडचणी येतात. एखादे प्राध्यापक वीस वर्षांपूर्वीचा मराठी लेख उघडतात आणि पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. लेख हरवला का? नाही. पूर्वी अनेक मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो टंक संगणकात नसला, की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडत. ही अडचण दूर करण्यासाठी जगातील लिप्यांसाठी 'युनिकोड' नावाची एक सामायिक पद्धत तयार झाली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. मराठी 'क'चा क्रमांक २३२५ आहे आणि उर्दूतील 'काफ'चा १७०५. हा क्रमांक जगातील कोणत्याही संगणकावर तोच राहतो.

उर्दूची गोष्ट तर आणखी वेगळी. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी निरनिराळा आकार घेते. नस्तालीक वळणात तर शब्द वरून खाली उतरत जातो. हे सारे यंत्राला शिकवणे सोपे नव्हते. म्हणून उर्दू वृत्तपत्रांचा मजकूर कातिब हाताने लिहीत. १९८१ साली पाकिस्तानात अहमद मिर्झा जमील यांच्या सुलेखनावरून 'नूरी नस्तालीक' हा टंक तयार झाला आणि यंत्रावर उर्दू आपल्या मूळ सौंदर्यासह उमटू लागली. उर्दू विभागातील तंत्रज्ञाला मजकूर उजवीकडून कसा लावायचा आणि टंक कसा बसवायचा, हे ठाऊक असावे लागते. उद्या तुमच्यापैकी कोणी हे काम करू लागला, तर उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही लिप्या वाचता येणे, हे त्याचे मोठे बळ ठरेल.

या कामात एक मोठी जबाबदारी असते, ती विश्वासाची. तंत्रज्ञाच्या हाती अनेक खोल्यांच्या किल्ल्या असतात. प्रश्नपत्रिका, गुण, पगार, खाजगी पत्रे, हे सारे ज्या संगणकांत आहे, ते संगणक त्याच्यासमोर उघडे असतात. तरीही दुरुस्तीला लागते तेवढेच तो पाहतो. हातात किल्ली आहे म्हणून घर आपले होत नाही. कधी घाईचा फोन येतो, "मी अमुक प्राध्यापक बोलतोय. माझा पासवर्ड विसरला. लगेच नवा सांगा!" आवाज मोठा असतो, रागही असतो. पण फोनवरचा माणूस तोच आहे, याचा पुरावा काय? तंत्रज्ञ नम्रपणे म्हणतो, "सर, आपले ओळखपत्र घेऊन खोलीत या. दोन मिनिटांत काम होईल." एखादे वेळी बोलणी खावी लागतात. पण त्याने घाबरून पासवर्ड दिला आणि फोन करणारा लबाड निघाला, तर शेकडो मुलांचे गुण धोक्यात येतील. तुम्हीही लक्षात ठेवा. आपला पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. खरा तंत्रज्ञ तो कधीच विचारत नाही.

सर्वांत अवघड दिवस मात्र वेगळाच असतो. पीएच.डी. करणारा एखादा विद्यार्थी धावत येतो. चार वर्षांचा प्रबंध ज्या डिस्कवर होता, ती डिस्क टकटक आवाज करते आणि उघडत नाही. तंत्रज्ञ आधी ती बंद करायला सांगतो. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली, तर उरलेलेही नष्ट होते. कधी मजकूर परत मिळतो, कधी मिळत नाही. "आता काही करता येणार नाही," हे शब्द उच्चारणे फार जड जाते. पण खोटी आशा दाखवणे त्याहून वाईट. म्हणून प्रत्येक चांगला तंत्रज्ञ आधीपासून सर्वांच्या मागे लागतो, "प्रती काढा, प्रती ठेवा!" नियम सोपा आहे. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी.

हा नियम संगणकाहून जुना आहे. त्याचे एक उदाहरण आपल्याला पुन्हा औंधकडे नेते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची संशोधित आवृत्ती काढायचे ठरवले, तेव्हा औंधच्या बाळासाहेबांनी १९१८ साली तिच्या सचित्र आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. विद्वानांनी निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली. हे काम १९६६ साली पूर्ण झाले. विचार करा, त्या ग्रंथाची एकच प्रत एकाच घरात असती तर? एक आग, एक पूर, आणि सारे संपले असते. कोण्या अनाम लेखनिकांनी गावोगावी प्रती उतरवून ठेवल्या, म्हणून तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला.

हे काम शिकायला फार मोठी पदवी लागते असे नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये संगणक चालवण्याचे, तसेच संगणक आणि जाळे यांच्या देखभालीचे अभ्यासक्रम असतात. तंत्रनिकेतनात पदविकाही करता येते. हात कामाला लागले, की अनुभवाने बरेच काही येते. परंतु तीन गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमाने आपोआप मिळत नाहीत. त्या म्हणजे नीट ऐकणे, नीट लिहिणे आणि न रागावणे.

या कामात नावलौकिक कमी मिळतो. अनेक ठिकाणी नोकरी कायम नसते, कंत्राटी असते. संगणक चालू असले, की तंत्रज्ञाची आठवण कोणाला येत नाही. बंद पडले, की सगळे त्यालाच हाका मारतात. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात. औंधच्या त्या मुलीच्या घरीही वाटले जातील. फोनवर साडेचारपर्यंत थांबलेल्या माणसाचे नावही तिला ठाऊक नसेल. त्याच्या वहीत मात्र तिच्या तिकिटापुढे एकच शब्द लिहिलेला असेल, 'पूर्ण'.

मुलांनो, तुमच्या घरी आजोबा किंवा आजी मोबाइल हातात घेऊन विचारतात, "बाळ, हे कसे करायचे रे?" तेव्हा पटकन मोबाइल हिसकावून घेऊ नका. "इतकेही येत नाही का?" असे म्हणू नका. शेजारी बसा, त्यांच्याच बोटाने ते करवून घ्या, आणि पुन्हा विचारले तर पुन्हा सांगा. तेवढा वेळ त्या यंत्रामागचा माणूस तुम्हीच असता.